मोती तलावावर मोती

मोती आमचा गावठी कुत्रा. वय सहा, वजन एकोणीस किलो, रंग तांबूस, एक कान कायम पडलेला. नावात आमची काहीही कल्पकता नाही, हे आधीच कबूल करते. मागच्या दिवाळीत त्याला चार दिवस कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तिथून फोन आला, "खात नाहीये." आणायला गेलो तर हा भिंतीकडे तोंड करून बसलेला. शेपूट नाही हलवली, काही नाही. पुढचे दोन दिवस घरात आमच्याशी अबोला. तेव्हाच नवऱ्याने जाहीर केलं, "आता जिथे जाऊ तिथे हा येणार. नाहीतर आपण नाही जाणार."

सावंतवाडी माझ्या आजीचं माहेर. तिथे आता आमचं कुणी नाही, घरही केव्हाच विकलं गेलं. पण लहानपणी तिच्या तोंडून ऐकलेलं ते मधोमध तळं असलेलं गाव एकदा बघायचं होतं. शिवाय एक सोय होती. तळं (त्याचं नावच मोती तलाव), राजवाडा, बाजार, लाकडी खेळण्यांची चितारआळी सगळं पायी फिरण्यासारखं. कुत्रा बरोबर असताना याचं मोल कळतं, कारण तिथल्या तिथे जायला रिक्षा केली की दर वेळी "चावत नाही ना?" पासून सुरुवात.

जायचं कसं, हा पहिला प्रश्न. गाडी आमच्याकडे नाही. रेल्वेने कुत्रा नेता येतो एवढं ऐकून होते, पण माहिती काढायला गेले तर प्रत्येक जण वेगळं सांगत होता. शेवटी जे कळलं ते असं: कुत्रा बरोबर न्यायचा तर फक्त पहिल्या वर्गाच्या डब्यात, आणि तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर. टू टिअर, थ्री टिअर, स्लीपर, कुठेही नाही. ते जमत नसेल तर गार्डच्या डब्यातल्या पेटीत कुत्रा एकटा जातो. ती पेटी मी फोटोत पाहिली आणि विषय तिथेच संपवला.

आम्ही दोघं, म्हणजे कूपे हवा. तिकीट काढताना मात्र कूपे मागता येत नाही, फक्त पहिला वर्ग मिळतो. कूपे की केबिन हे चार्ट लागताना ठरतं. म्हणून तिकीट काढल्यावर रेल्वेच्या कचेरीत अर्ज द्यायचा: आम्ही दोन प्रवासी, सोबत कुत्रा, कृपया कूपे द्यावा. सोबत तिकिटाची प्रत. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नाव काय त्याचं?" मी सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि शिक्का मारला. नाव अर्जात कुठेच लागत नव्हतं.

दुसरा कागद डॉक्टरांचा. रेबीजच्या लसीची नोंद असलेलं पुस्तक आणि प्रवासाच्या आदल्या दिवशीचं तब्येत ठीक असल्याचं प्रमाणपत्र. जातीच्या रकान्यात डॉक्टरांनी 'नॉन-डिस्क्रिप्ट' लिहिलं. गावठी कुत्र्यांना कागदावर तसंच म्हणतात. म्हणजे ज्याचं वर्णन करता येत नाही असा. नवरा म्हणाला, पहिल्यांदाच कुणी मोतीला नीट ओळखलं.

डॉक्टरांनीच गोचिडांचा विषय काढला. सिंधुदुर्गात जाताय तर मानेवर गोचिडाचं औषध दोन दिवस आधी लावा, आणि जंगलातल्या पालापाचोळ्यात त्याला सोडू नका. कारण माकडताप. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण निघाले होते, पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूलाही. गोचीड चावून माणसाला होणारा हा ताप, आणि त्याचा हंगाम थंडीपासून पावसाच्या आधीपर्यंत. आम्ही जानेवारीत निघालो होतो. "कुत्र्यापेक्षा तुमची काळजी घ्या," डॉक्टर म्हणाले. "तो गोचीड अंगावर घेऊन येईल, झोपणार तो तुमच्याच गादीवर." ही गादीची गोष्ट त्यांना कशी कळली कुणास ठाऊक.

कोकणकन्या रात्री अकरानंतर सुटते. आम्ही साडेसातलाच सीएसएमटीच्या पार्सल ऑफिसात हजर. इथे कुत्र्याचं सामान म्हणून बुकिंग होतं. मोतीला काट्यावर चढवायचा म्हणून मी त्याला तयार करत होते, तर कारकून म्हणाले, "वजन नको. पहिल्या वर्गात साठ किलो धरतात." कुत्रा केवढाही असो, साठ. पेटीत टाकला असता तर तीस. एकोणीस किलोच्या मोतीची साठ किलोची पावती फाडली. पावती मिळाल्यावर तो एकदम अधिकृत वाटायला लागला. फलाटावर दोन हमाल, एक पोलीस आणि एक लग्नाचं वऱ्हाड थांबून त्याला बघून गेलं.

कूपे मिळाला होता. दार लावलं, खाली जुनी चादर अंथरली आणि मोती तिच्यावर न बसता सरळ खालच्या बर्थवर चढला. तिकीट तपासनिसांनी आमच्या तिकिटांआधी त्याची पावती मागितली, नीट वाचली आणि "भुंकतो का?" एवढंच विचारलं. नाही म्हटलं. खरंच नाही भुंकला. मला वाटलं होतं सगळ्यात कठीण रेल्वेचं असेल, आणि तेच सगळ्यात सरळ निघालं. कारण तिथे नियम लिहिलेला होता.

जे कुठेच लिहिलेलं नव्हतं ते म्हणजे शू. संध्याकाळी सहानंतर पाणी कमी दिलं होतं, स्टेशनात शिरण्याआधी बाहेर फिरवून आणलं होतं. तरी पहाटे चारला हा उठून दाराशी उभा. मी कागद पसरला, त्यावर घरून आणलेली कुंडीतली मातीसुद्धा टाकली. त्याने माती हुंगली, माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. मग करबुडेचा बोगदा आला. साडेसहा किलोमीटरचा आहे, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. आवाज बदलला तसा मोती थरथरायला लागला, डोकं माझ्या काखेत खुपसलं. एरवी कोकण रेल्वेचे बोगदे मी कौतुकाने मोजते. त्या दिवशी फक्त हा एक कधी संपतो याची वाट बघत होते. रत्नागिरीला गाडी थांबल्यावर नवरा त्याला घेऊन फलाटाच्या टोकाला धावला. खांब होता, गवत होतं, अंधार होता. मोतीने खांबाचा सविस्तर वास घेतला आणि परत आला. कणकवली, कुडाळ, तेच. सावंतवाडी रोडला साडेआठच्या सुमारास उतरलो. स्टेशनच्या बाहेर लाल मातीत पाय ठेवला आणि त्याने तंगडी वर केली. घड्याळ बघितलं नाही, पण रिक्षावाल्याने बिडी पेटवून दोन झुरके मारेपर्यंत तो तसाच उभा होता.

"मुंबयसून इलास? कुत्र्याक घेवन?" रिक्षावाल्याला हे फारच आवडलं. नाव विचारलं. मोती म्हटल्यावर तो एवढा हसला की रिक्षा हलली. "मोती तलावार मोती इलो!" पुढचे तीन दिवस हा विनोद आम्ही प्रत्येकाकडून ऐकला. प्रत्येकाला तो पहिल्यांदाच सुचलेला असायचा.

राहायची सोय फोनवर झाली होती. कुत्रा चालेल का, दोनदा विचारलं होतं. "चालता की, घेवन येवा" असं दोनदा उत्तरही मिळालं होतं. दारात पोचलो तर मालकांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं होतं पामेरियन असेल, मांडीवर बसणारा. शेवटी म्हणाले, रात्री मागीलदारी बांधा, आत नको. आम्ही एकमेकांकडे बघत असताना रिक्षावाला, जो अजून गेला नव्हता, तिथूनच ओरडला, "रात्रीचो भायर बांदू नकात हां! वाघ उचलतलो." वाघ म्हणजे बिबट्या. या भागात रात्री बाहेर बांधलेला कुत्रा सकाळी नसतो, आणि ते सांगताना कुणी आवाजही चढवत नाही. आगाऊ दिलेले पैसे अर्धे परत मिळाले. ज्यांना कुत्र्याला घेऊन जायचंय त्यांना माझं एकच सांगणं: बुकिंगच्या वेळीच कुत्र्याचा फोटो पाठवा, शेजारी माणूस उभा असलेला. आणि झोपणार खोलीत, हे वाक्य लेखी घ्या.

रिक्षावाल्यानेच मग एका निवृत्त शिक्षिकेकडे नेलं. पुढची खोली त्या कधीमधी भाड्याने देतात. मोतीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "आत ये गो. कुत्रो खयय चलात, फकत देवघराकडे आणि चुलीकडे नको. आणि माझी मांजर आसा. ती ह्येका बरोबर गप करतली." केलंच. पहिल्या पाच मिनिटांत नाकावर एक ओरखडा, आणि पुढचे तीन दिवस मोती त्या मांजरीला बघितलं की भिंतीला घासून जायचा.

तळं माझ्या कल्पनेत होतं त्याहून मोकळं आहे. एका अंगाला राजवाडा, बाकी बाजूंनी रस्ता आणि कठडा, पलीकडे डोंगर. संध्याकाळी निम्मं गाव काठावर असतं. पण कुत्रा घेऊन संध्याकाळी जायचं नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. तळ्याच्या काठाची गावातल्या कुत्र्यांनी आपापसात वाटणी केलेली आहे. पन्नास पावलांवर एक टोळी, मग पुढची. मोती शहरातला असला तरी गावठीच, त्यामुळे त्यांना तो पाहुणा नाही, घुसखोर वाटत होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. चहाच्या टपरीवरच्या माणसाने सल्ला दिला, "राजवाड्याच्या बाजूक जावा. थयले कुत्रे म्हातारे आसत." अगदी खरं होतं. तिकडच्या कुत्र्यांनी डोळे उघडले, मिटले. पाण्यावर धुकं होतं, राजवाड्याच्या चिऱ्यांवर पहिलं ऊन. आजी याच काठाने शाळेत जायची म्हणे.

मोतीला पाणी दिसलं की उडी मारायची असते. पायऱ्यांपर्यंत खेचत नेलं त्याने. कठड्यावर दात घासत बसलेले एक काका म्हणाले, "पाण्यात सोडू नकात. मगर आसा." मी हसले. ते हसले नाहीत. नंतर मोबाइलवर शोधलं तर तळ्यात मगर दिसल्याच्या बातम्या निघाल्या. पट्टा मी हाताला दोनदा गुंडाळला.

राजवाड्यात आम्ही पाळीपाळीने गेलो, एक आत, एक बाहेर मोतीबरोबर. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, १७५५ ते १८०३ ही त्यांची कारकीर्द. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, दशावतारी संचात १२०: दहा अवतार, प्रत्येकी बारा. ही कला मरायला टेकली होती, ती शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. मासा आहे, कासव आहे, डुक्कर आहे. कुत्रा काही अवतारांत नाही. बाहेर येऊन मी हे मोतीला सांगितलं.

चितारआळीत मात्र त्याने स्वतःच खरेदी केली. दुकानाबाहेर टोपलीत लाकडी फळं मांडलेली, केळी, सीताफळ, आंबे, इतकी खरी की मीही एकदा हात लावून बघितलं. मी भाव विचारतेय तोवर मोतीने एक आंबा उचललेला. चावल्याचा आवाज आला, मग त्याचा गोंधळलेला चेहरा. पांगाऱ्याचं लाकूड मऊ असतं. दोन सुळ्यांचे दोन खड्डे स्वच्छ उमटले. रंग पोटात जाऊ नये म्हणून मी त्याच्या तोंडात बोट घालून आंबा काढला. दुकानातल्या वहिनी पैसे घेताना म्हणाल्या, "बरो कुत्रो. हापूसच उचलल्यान."

नरेंद्र डोंगरावर आम्ही फक्त पक्क्या रस्त्याने गेलो, डॉक्टरांचं ऐकून. मोतीला प्रत्येक झुडपात शिरायचं होतं आणि नवऱ्याला प्रत्येक झुडपाचा फोटो काढायचा होता. रोज संध्याकाळी खोलीत पंगत बसल्यासारखे आम्ही मोतीभोवती बसायचो: कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, उलट्या केसांतून बोटं फिरवायची. तीन दिवसांत एकही गोचीड सापडला नाही.

परतीचं पहिल्या वर्गाचं तिकीट वेटिंगमध्येच राहिलं. भाड्याची गाडी केली, आंबोली घाटाने वर आलो. तिसऱ्या वळणावर मोतीने सकाळचा भात परत केला, माझ्या पिशवीत, गंजिफाच्या पाकिटाच्या शेजारी. कोल्हापूरपासून पुढे झोपून राहिला.

घरी आल्यावर आंघोळीला गेलेला नवरा मोठ्याने ओरडला. गोचीड होता, मोज्याच्या रबराच्या खुणेजवळ घट्ट रुतलेला. चिमट्याने सरळ वर ओढून काढला आणि पुढचे आठ दिवस मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा ताप बघत होते. आला नाही. मोती त्या आठही दिवसांत गादीवरच झोपला, नवऱ्याच्या पायाशी.