अंत्यविधीचा विमा विकताना

माझी आजी ट्रंकेच्या तळाशी एका जुन्या रुमालात नोटांची पुरचुंडी बांधून ठेवत असे. घरात कितीही ओढाताण असली तरी त्या पैशांना कोणी हात लावत नसे, कारण ते तिच्या दिवसकार्याचे पैसे होते. "माझ्यापायी कुणाला हात पसरावा लागू नये," एवढेच ती म्हणायची. ह्यूस्टनमध्ये मी नेमके काय काम करते, हे भारतातल्या नातेवाइकांना समजावताना मी या पुरचुंडीपासूनच सुरुवात करते.

मी आयुर्विम्याची परवानाधारक एजंट आहे आणि फ्युनरल होमच्या, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिक संस्थेच्या, वतीने 'प्रीनीड' करार करून देते. माणूस हयात असतानाच फ्युनरल होममध्ये येऊन बसतो, आपल्या अंत्यविधीतील एकेक गोष्ट ठरवतो, आणि त्या दिवशीच्या दराने जी रक्कम होते तेवढ्या रकमेची लहानशी आजीवन पॉलिसी निघते. मृत्यूनंतर विम्याचे पैसे मुलांच्या हाती न येता थेट फ्युनरल होमकडे जातात. करार हमी-दराचा असेल तर पंधरा वर्षांनी दर दुप्पट झाले तरी ठरलेल्या सेवांसाठी कुटुंबाकडे वाढीव पैसे मागता येत नाहीत. तो भार फ्युनरल होमने उचलायचा असतो, आणि पॉलिसीची रक्कम बहुधा हळूहळू वाढत जाईल अशी योजना असते ती त्यासाठीच.

रक्कम लहान नसते. अमेरिकेतील फ्युनरल व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या पाहणीनुसार अंत्यदर्शनासह दफनाचा मध्यक खर्च (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ८,३०० डॉलर होता, आणि त्यात दफनभूमीतील जागेची किंमत धरलेली नव्हती. अंत्यदर्शनासह दहनाचा आकडा ६,२८० डॉलर होता. सोशल सिक्युरिटीकडून, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेकडून, मृत्यूनंतर एकदाच मिळणारी मदत २५५ डॉलर आहे, आणि तीही ठरावीक वारसांनाच मिळते.

माझे कमिशन विमा कंपनी देते आणि फ्युनरल होमला पुढचे काम आजच निश्चित होते, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. समोरच्या माणसाला सल्ला देणाऱ्याचा फायदा कशात आहे हे ठाऊक असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्याच बैठकीत मी हप्त्यांची बेरीजही करून दाखवते. एकरकमी भरणाऱ्याचे गणित सोपे असते. पण पंचाहत्तरीतला माणूस दहा वर्षांचे हप्ते निवडतो तेव्हा एकूण भरणा मूळ रकमेच्या बराच वर जाऊ शकतो, आणि प्रकृती ठीक नसेल तर सुरुवातीच्या काळात पूर्ण रक्कम मिळत नाही अशी अटही असू शकते.

ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडचे एक काका-काकू गेल्या वर्षी माझ्याकडे आले. काकांनी वहीत प्रश्न लिहून आणले होते: व्याज किती, करार मोडला तर काय, फ्युनरल होम बंद पडले तर काय. काकू बराच वेळ गप्प होत्या. मी दरपत्रक त्यांच्या हाती दिले (ते मागणाऱ्याला घरी नेण्यासाठी देणे १९८४ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे) तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते ओळीओळीने वाचले आणि विचारले, "अगं, तिथे तूप घालू देतात का?"

मी सांगितले की भट्टी गॅसवर चालते, त्यामुळे आत पळीभर तूप घालता येत नाही; पण पेटी बंद करण्यापूर्वी चमचाभर तूप, तुळशीचे पान आणि गंगाजल चालते. महागडी कास्केट, म्हणजे शोभिवंत शवपेटी, घ्यावी लागत नाही, साध्या दहनासाठी पुठ्ठ्याची किंवा साध्या लाकडाची पेटी देणे फ्युनरल होमला भागच आहे. कुटुंबाला भट्टीपाशी उभे राहायचे असेल तर त्याचे शुल्क करारात वेगळे लिहून घ्यावे. "आणि भट्टीचं बटण कोण दाबणार?" काकूंनी विचारले. मुलगा सिअॅटलला, मुलगी इथेच. काका वहीतून मान वर न करता म्हणाले, "लेकीनं दाबलं तरी चालेल की." काकूंनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तसं लिही."

हे असे ठरलेले असणे किती मोलाचे आहे, ते प्रसंग आल्यावर कळते. टेक्सासमध्ये लेखी सूट मिळाल्याशिवाय मृत्यूनंतर ४८ तास दहन करता येत नाही. त्या दोन दिवसांत विमाने पकडून आलेली, झोप न झालेली भावंडे एका टेबलाभोवती बसतात, आणि आईला काय हवे होते यावरून एरवी समंजस असणाऱ्या माणसांत शब्दाने शब्द वाढतो.

माझ्या हातून सुरुवातीला एक चूक झाली, ती मी विसरलेले नाही. फ्युनरल होम ज्या गोष्टी बाहेरून आणून देते, म्हणजे वृत्तपत्रातली निधनवार्ता, फुले, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, गुरुजींची दक्षिणा, त्यांचा दर सहसा हमीत बसत नाही. हे करारात छापलेले होते, पण मी ते तोंडाने सांगितले नव्हते. तो करार केलेल्या बाई गेल्या तेव्हा त्यांच्या मुलीला ऐन दिवशी वेगळे बिल आले. "आईनं सगळं भरून ठेवलं होतं ना?" असे तिने मला विचारले तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. आता मी या बाबी स्वतंत्र कागदावर हाताने लिहून देते.

फ्युनरल होम बंद पडले तर काय, हा काकांचा तिसरा प्रश्नही रास्त होता. मिझुरीतील सेंट लुइस येथील नॅशनल प्रीअरेंज्ड सर्व्हिसेस ही असेच आगाऊ करार विकणारी कंपनी २००८ मध्ये कोसळली. लोकांनी अंत्यविधीसाठी भरलेले पैसे भलतीकडे वळवले गेले होते आणि २०१३ मध्ये त्या प्रकरणात तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. म्हणून मी सांगते की धनादेश विमा कंपनीच्या नावाने लिहा, पॉलिसी हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका, आणि विक्रेत्याचा परवाना तपासा. टेक्सासमध्ये हे करार राज्याच्या बँकिंग विभागाच्या देखरेखीखाली येतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

मात्र माझ्याकडे येणाऱ्या मराठी आईवडिलांपैकी अनेकांना मी हा करार करू नका असेच सांगते. जे सहा महिने इथे आणि सहा महिने पुण्यात राहतात, त्यांचा शेवट कुठे होईल हे कोणी सांगावे? पैसे ह्यूस्टनच्या फ्युनरल होमच्या नावे आणि दहन वैकुंठ स्मशानभूमीत, अशी वेळ आली तर परतावा त्या-त्या करारातील शब्दांवर अवलंबून राहतो. अशांनी मुलांच्या हाती रोख रक्कम देणारी पॉलिसी घ्यावी, किंवा बँकेत मृत्यूनंतर थेट नेमलेल्या व्यक्तीला मिळेल असे खाते उघडावे. उलट, जे कायमचे इथले झाले आहेत आणि ज्यांना नर्सिंग होमसाठी (वृद्धांच्या दीर्घकाळच्या शुश्रूषेच्या निवासासाठी) मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा, आधार लागण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी रद्द न करता येणारा करार खरोखर उपयोगाचा आहे. मेडिकेडला पात्र ठरण्यासाठी एकट्या माणसाला मालमत्तेची मर्यादा २,००० डॉलर असते आणि योग्य रीतीने केलेल्या अशा कराराचे पैसे त्यात धरले जात नाहीत. पण ते पैसे पुन्हा हाती येत नाहीत, हेही मी सहीआधी दोनदा सांगते.

काका-काकू दर हिवाळा पुण्यात काढतात. त्यांनी करार केला नाही. मीच तसे सुचवले होते. त्यांनी बँकेत खाते उघडले, आणि अंत्यसंस्काराचा निर्णय कोणी घ्यायचा हे ठरवणारा टेक्सासचा अर्ज मुलीच्या नावाने भरून नोटरीसमोर सही केली. काका त्याची प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार होते. लॉकर उघडेपर्यंत ४८ तास केव्हाच उलटून जातील, असे मी म्हटल्यावर काकूंनी एक प्रत सिअॅटलला पाठवली, एक पुण्याच्या दिरांना, आणि तिसरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या खणात ठेवली. मुलीला तो खण त्यांनी माझ्यासमोर उघडून दाखवला.