एमएच पाटीवरचे शब्द: नववा आठवडा

नंबर प्लेटवरच्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचा हा खेळ. वहीत आजवर १८७ चौकोन भरले. गेल्या आठवड्यात १७१ होते.

नव्याने खेळणाऱ्यांसाठी नियम थोडक्यात. मुंबईच्या गाडीच्या नंबर प्लेटवर एम आणि एच ठरलेले. मग आरटीओचा आकडा: ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३, बोरिवली ४७. त्यापुढे मालिकेची दोन अक्षरं. ही चारही अक्षरं असलेला इंग्रजी शब्द शोधायचा, क्रम कुठलाही चालेल, आणि शब्द जितका लहान तितका चांगला. मालिकेत एकच अक्षर दोनदा असेल तर शब्दातही ते दोनदा हवं. आय आणि ओ मालिकेत वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. उरली २४ अक्षरं, म्हणजे ५७६ मालिका. वहीत अक्षरांच्या प्रत्येक जोडीला एक चौकोन. पण आपल्याला क्रमाचं बंधन नाही, त्यामुळे चौकोन ३००च. बीएच म्हणजे भारत मालिकेच्या गाड्या मी धरत नाही, त्यांच्या पाटीवर एमएच नसतं.

माझं खेळाचं मैदान म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. रोज सकाळी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की पूर्वेच्या ०३ आणि पश्चिमेच्या ०२ अशा दोन्ही गाड्या शेजारी येऊन थांबतात, आणि इथे थांबणं पुरेसं लांब असतं.

चार अक्षरांत काम भागणं हा सगळ्यात मोठा आनंद. ए-आर आली की हार्म, ए-टीला मॅथ, ई-एलला हेल्म, ई-पीला हेम्प. असे चौकोन बहुतेक ए, ई किंवा यू असलेल्या मालिकांतच भरतात. वाय हा एक छान अपवाद. एन-वायला हिम, म्हणजे स्तोत्र, ज्याच्या शेवटी न उच्चारला जाणारा एन आहे, आणि टी-वायला मिथ. या दोन्ही मालिका मी रस्त्यावर अजून पाहिलेल्या नाहीत. ज्या दिवशी दिसतील त्या दिवशी बसमधल्या सगळ्यांना सांगेन.

ए-एचा चौकोन मला फार प्रिय आहे. आधी तिथे आश्रम लिहिलं होतं, सहा अक्षरी. मग सुचलं, हमाल! एच-ए-एम-ए-एल, पाचच अक्षरं, आणि तो इंग्रजी शब्दकोशात रीतसर आहे. मुंबईच्या पाटीला याहून शोभेल असा शब्द मला माहीत नाही. ए-जेला महाराजाही आहे, पण एच शेवटी धरून नऊ अक्षरं होतात.

आता या आठवड्याची खरी गोष्ट. आजवर मी एक नियम पाळत आलो: आधी एचचा जोडीदार शोधायचा. इंग्रजीत एच बहुधा टी, सी, एस, पी, डब्ल्यू नाहीतर आरच्या मागे चालतो. जोडी बसवली की एम कुठेही मावतो. बी-टीला थम्ब, ई-डब्ल्यूला व्हेल्म, बी-झेडला ऱ्हायझोबियम, सगळे याच वाटेने मिळाले. डी-व्ही आली तेव्हाही डब्ल्यू जोडून ओव्हरव्हेल्म्ड काढला. अकरा अक्षरं. लांब आहे, पण व्हीपुढे एवढंच जमेल असं वाटलं.

रविवारी दादरला ताईकडे जेवायला गेलो होतो. भाचीने वही चाळली आणि म्हणाली, “मामा, मिसबिहेव्ड का नाही लिहिलंस?” दहा अक्षरं! एकाने कमी. मी कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत राहिलो. त्यात एचला जोडीदारच नाही. बिहेव्हमधला बि हा उपसर्ग, आणि त्यानंतर हेव्ह हा शब्द एचनेच सुरू होतो. म्हणजे माझा नियमच अशा शब्दांना झाकून टाकत होता.

घरी येईपर्यंत लोकलमध्ये उपसर्ग लावत बसलो: इन-ह्यूमन, एन-हान्स, अ‍ॅड-हिअर. आणि ई-एक्सचा चौकोन, जो पाच आठवडे रिकामा होता, माहीमच्या आसपास भरला. एक्सह्यूम! पुरलेलं उकरून काढणे. ई-एक्स-एच-यू-एम-ई, सहा अक्षरं. त्याच ह्यूम-ह्यूमनच्या नादात डी-झेडला ह्यूमनाइझ्डही मिळाला.

जोडशब्दांकडेही आता नीट बघायला हवं. बी-एक्सला काल मॅचबॉक्स सापडला. एम, एच आणि ओ सोडून त्यात पाच अक्षरं आहेत, म्हणजे कागदावर एकट्याने दहा चौकोन भरतात. तरी मी तो सगळीकडे लिहिला नाही. ए-टीला मॅथ असताना आठ अक्षरी शब्द कशाला? एक्सच्या चौकोनांत मात्र तो ठेवला आहे, दुसरा लहान मिळेपर्यंत.

पडताळणीची पद्धत तीच. रात्री जेवणानंतर संगणकावरच्या शब्दयादीला ग्रेप या शोध-आज्ञेची चाळणी लावतो: आधी एम असलेले शब्द, त्यांतून एचचे, त्यांतून तिसऱ्या आणि मग चौथ्या अक्षराचे. पण स्वतःचं उत्तर वहीत लिहिण्याआधी यादी उघडायची नाही, यावर मी ठाम आहे.

क्यूची ओळ पूर्ण रिकामी आहे. भाचीला पुढच्या रविवारपर्यंत ई-क्यू दिलाय, मी यू-क्यू घेतलाय. तुमच्याकडे जे-व्हीला काही असेल तर फक्त अक्षरसंख्या सांगा, शब्द सांगू नका.