जेंडर बजेट वाचताना

आज आमच्या विद्यार्थी गटाचा अख्खा दिवस केंद्रीय अर्थसंकल्पातल्या विवरणपत्र १३ मध्ये गेला. २००५-०६ पासून निघणारं हे जेंडर बजेट, म्हणजे सरकारी खर्चातला महिलांसाठीचा वाटा दाखवणारं विवरण. भाग ‘अ’मध्ये पूर्णपणे महिलांसाठीच्या योजना, ‘ब’मध्ये महिलांसाठी किमान ३० टक्के वाटा असलेल्या, अलीकडे ‘क’ही आलाय, ३० टक्क्यांखालच्यांसाठी.

नवखे लोक शेवटची बेरीज उचलून निवेदन लिहितात आणि तिथेच फसतात. पंतप्रधान आवास योजनेची रक्कम ‘अ’मध्ये धरली की आकडा फुगतो, घर कोणाच्या नावावर झालं, हे कळत नाही. म्हणून एकच योजना धरा, मूळ (वर्षाच्या सुरुवातीचा) आणि सुधारित (नंतर बदललेला) अंदाज शेजारी मांडा. तफावत दिसली की माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न मात्र जिल्हानिहाय विचारा, नाहीतर गोलमोल उत्तर ठरलेलंच!