आमची वाटचाल : वऱ्हाड दोनदा टाकून बघा

२००८ साली नागपूरच्या धंतोलीत जिन्याखालची एक खोली, एक कूलर आणि दोन जुने संगणक एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. कामं यायची ती बहुतेक ग्रंथालयांची: सीडीएस-आयसिस या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या पुस्तकांच्या नोंदी मार्क या ठरावीक साच्यात आणून कोहा या मोफत ग्रंथालय-सॉफ्टवेअरात भरायची. पुढची पाच-सहा वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखा आहे तो २०१४ चा मे महिना. एका महाविद्यालयाच्या ३८ हजार नोंदी. शोधात अक्षरं कशी ओळखायची ते ठरवणारा कॅरेक्टर मॅप बदलून आयसीयू, म्हणजे युनिकोडमधल्या लिप्या समजणारी सोय, लावलं होतं, कारण जुन्या मॅपवर देवनागरी शोध शून्य देत होता. रात्री 'कोहा-रीबिल्ड-झेब्रा' ही कमांड (झेब्रा म्हणजे कोहाचं शोधयंत्र, त्याचा इंडेक्स ती नव्याने बांधते), पुढे -एफ (सगळं पहिल्यापासून) आणि -व्ही (काय चाललंय ते दाखव), टाकून घरी आलो. मध्यरात्री लाइट गेली. यूपीएसची बॅटरी मेली आहे हे मी दोनदा लेखी कळवलं होतं. -एफ आधी जुना इंडेक्स, म्हणजे शोधाची सूची, पुसतो आणि मग नवा भरतो, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी ओपॅकवर, म्हणजे वाचकांच्या शोधपानावर, निम्म्याहून जास्त पुस्तकं गायब.

अकरा वाजता पोचलो तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये आमचे प्रतिस्पर्धी चहा पीत बसलेले. "डेटा उडाला सर, फुकटच्या सॉफ्टवेअरचं असंच असते." अहो, डेटा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जसाच्या तसा होता! पुस्तकामागची सूची फाटली म्हणून पुस्तक जळत नाही. तीच कमांड पुन्हा टाकायची, पाऊण तास, संपलं. पण मला सर्व्हरला हात लावू दिला नाही. बिल अडकलं, आणखी दोन कॉलेजं फिरली, पोरांचे पगार द्यायला बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या.

अशात नागपूरच्याच महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी बोलावलं. बाहेरच्या चर्चा त्यांच्याही कानावर आल्या होत्या. विचारलं एवढंच, "इंडेक्स गेला होता का डेटा?" मी म्हटलं, इंडेक्स. "मग करा सुरू."

काम झाल्यावर सही करायच्या आधी बाईंनी स्वतः शोधपेटीत 'वऱ्हाड' टाकलं. नऊ पुस्तकं आली. शेजारच्या पोराला टाकायला लावलं, तर चौदा, आणि तीही वेगळीच! "भाऊ, हे काहून असं होऊन राहिलं?" मी दोन तास डोकं धरून बसलो. पडद्यावर शब्द एकच, पण आत बाईंचा नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि पोराचा साधा र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि न दिसणारा जोडक (दोन अक्षरं जोडणारं चिन्ह). झेब्राच्या लेखी हे दोन निराळे शब्द. आयसीयूच्या शब्दांच्या फाइलमध्ये दोन्ही रूपं एक करणारी एक ओळ घातली, पुन्हा -एफ चालवला, तेवीस पुस्तकं. बाईंनी तेवीस कपाटाशी जाऊन मोजली आणि मग सही केली. त्यानंतर माझ्यासाठी त्यांनी कोणाकोणाला फोन केले, ते मला आजही नीट माहीत नाही.

नव्या पोरांनो, न विचारता सांगतो. -एफ टाकण्याआधी डिस्कवरची मोकळी जागा बघा, बॅटरी स्वतः तपासा आणि रीबिल्ड संपेपर्यंत जागेवरून उठू नका.

आमच्याकडे आजही काम सोपवताना पहिला शोध 'वऱ्हाड'च असतो, दोन्ही तऱ्हांनी. त्या महाविद्यालयाचं बिल तेवढं अजून यायचं आहे.