एकाच संगणकावर दोन बंधनं

देवगडात एप्रिल-मे म्हणजे आंबाकाढणी. आईवडील दिवसभर बागेत, पोरं सुट्टीमुळे घरात, समोर संगणक. त्यामुळे या दिवसांत माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांवर मुलांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर हमखास असतं. तक्रारही ठरलेली: "दादा, ह्यां चलत नाय, नेट पण बंद."

बऱ्याचदा ते सॉफ्टवेअर निर्दोष असतं. आधी कुणीतरी, बहुधा मुंबईच्या भावाने, विंडोजमधलीच 'सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसी' कडक करून ठेवलेली असते. मग विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांबाहेरचं काहीच चालत नाही. नव्या सॉफ्टवेअरचा एखादा तुकडा ॲपडेटामध्ये (वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातला, प्रोग्रामांचा डेटा ठेवणारा फोल्डर) असला की तो अडतो. नेट गाळणारा भाग मात्र चालूच राहतो, आणि तो अडलेला जोडीदार तुकडा सापडला नाही की कधी सगळंच अडवून बसतो. शाळेचा अभ्याससुद्धा! याचा मला खरंच राग येतो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) ॲप्लिकेशनच्या नोंदींत 865 क्रमांक शोधा. अडवलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता तिथे मिळतो. त्यावर उपाय म्हणून अख्खा ॲपडेटा मोकळा करू नका, तिथे मुलालाही फाइल टाकता येते. त्या एका फाइलचा हॅश रूल (फाइलच्या ठशावरून तेवढीच फाइल चालू देणारा नियम) चालतो, पण सॉफ्टवेअर अपडेट झालं की तो पुन्हा करावा लागतो.

ही पॉलिसी पुढे विकसित करणं मायक्रोसॉफ्टनेच 2018 च्या विंडोज 10 आवृत्ती 1803 पासून सोडलंय. म्हणून घरच्या संगणकावरून मी ती काढतो, मुलाला ॲडमिनचे अधिकार नसलेलं साधं स्टँडर्ड खातं देतो आणि ॲडमिनचा पासवर्ड आईच्या हातात.