व्युर्टेम्बर्गचं पाच मार्क: खरेदीपासून ग्रेडिंगपर्यंत

जर्मन साम्राज्याची चांदीची नाणी जमवायची, तर कुठे थांबायचं हे आधी ठरवावं लागतं. 1871 साली संस्थानं एका छत्राखाली आली, चलन मार्क झालं, तरी दोन, तीन आणि पाच मार्कच्या नाण्यांवर ज्याच्या-त्याच्या राजाचा चेहरा कायम राहिला. एका बाजूला साम्राज्याचा गरुड, दुसरीकडे प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी असे सगळे. हे सगळं घ्यायला निघालो तर घर विकावं लागेल. मी श्टुटगार्टला राहतो, म्हणून फक्त व्युर्टेम्बर्ग, ज्या संस्थानाची ही राजधानी होती. नाण्यावरचं इथल्या टांकसाळीचं अक्षर एफ. ती टांकसाळ अजून चालू आहे, आजच्या युरोवरही तेच अक्षर येतं.

मला हवं होतं राजा कार्लचं पाच मार्क, 1870च्या दशकातलं. ही नाणी बाजारात भरपूर फिरली, त्यामुळे झिजलेली हवी तेवढी मिळतात, चांगली मात्र सहज हाती लागत नाहीत.

ऑनलाइन मागवलेलं पहिलं नाणं मी परत पाठवलं. वर्णनात ‘फोरत्स्युग्लिश’, म्हणजे उत्तम, असं लिहिलं होतं. भिंगाखाली धरलं तर राजाच्या डोक्याच्या वर, काठाला लागून, धातू जरा सपाट आणि वेगळ्याच चमकेचा दिसला. तिथे कधीतरी कडी डाखलेली होती आणि नंतर ती काढून घासून टाकली होती. इथे याला ‘हेंकेलश्पुअर’ म्हणतात. बव्हेरियात चामडी विजारीवर ‘शारिवारी’ नावाची साखळी मिरवतात, तिच्यात चांदीची नाणी अडकवलेली असतात. आपल्याकडच्या पुतळीहाराचीच तऱ्हा. दागिना म्हणून छानच, पण संग्राहकाच्या लेखी त्या नाण्याची किंमत निम्म्याच्याही खाली जाते. विक्रेत्याने कुरकुर केली, पण पैसे दिले.

मग लिलावाकडे वळलो. लिलावाआधी नाणी हातात घेऊन बघू देतात, तो वेळ कुणीही चुकवू नये. नाणं काठांवर धरायचं, दिव्याखाली हळूहळू कलतं करायचं. मूळ चकाकी शिल्लक असेल तर प्रकाशाचे दोन पट्टे नाण्यावर गोल फिरतात. पॉलिश केलेलं नाणं सगळीकडून एकसारखं लखलखतं, पट्टे फिरतच नाहीत. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर एक काळपट नाणं दाखवलं तर म्हणाली, “अरे, दिवाळीत भांड्यांना लावते ती टूथपावडर लाव, लख्ख होईल.” तिला कसं सांगू, तो काळा थरच मी पैसे देऊन विकत घेतलाय!

झीज बघायची ती उंच भागांवर: राजाच्या कानावरचे केस, गरुडाच्या छातीवरची ढाल. केसांच्या बटा वेगळ्या मोजता आल्या तर आशेला जागा. मी निवडलेल्या नाण्याला कॅटलॉगमध्ये ‘झेअर श्योन (अतिशय सुंदर, म्हणजे एक पायरी खाली) ते फोरत्स्युग्लिश’ अशी मधली प्रत दिली होती आणि काठाला एक छोटी ठेच असल्याचं प्रामाणिकपणे नोंदवलं होतं. बोली लागली, वर लिलावघराचं कमिशन वीस टक्क्यांच्या आसपास. ते आधीच हिशेबात धरलं नाही तर उत्साहाच्या भरात बजेट कोसळतं.

घरी आणून तपासणी केली. मार्कचा हिशेब सुटसुटीत आहे: एक मार्क म्हणजे पाच ग्रॅम शुद्ध चांदी, शुद्धता हजारात 900. म्हणून पाच मार्कचं वजन 27.78 ग्रॅम. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला, नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडलं, तळाला टेकू दिलं नाही. काट्यावर दिसतं ते नाण्याचं घनफळ, वजनाला त्याने भागलं की घनता कळते. आकडा 2.7 च्या जवळ आला, म्हणजे धातू बरोबर. काठावर ‘गॉट मिट उन्स’ (देव आमच्यासोबत) ही अक्षरं स्वच्छ, नकली नाण्याची खूण असलेली सांध्याची रेघ कुठे नाही.

आता ग्रेडिंगला, म्हणजे नाणं तपासून, गुण देऊन डबीत बंद करणाऱ्या कंपनीकडे, पाठवायचं का? साध्या नाण्यासाठी मी सांगेन, अजिबात नको. फीच नाण्याच्या किमतीला भिडते. जर्मन जुने संग्राहक तर प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं नाणं बघून नाक मुरडतात. पण मला कळून घ्यायचं होतं, की इथली मधली प्रत अमेरिकन 70 गुणांच्या मापावर कुठे बसते. फॉर्ममध्ये देश, संस्थान, साल, टांकसाळ, विम्यासाठी किंमत. येगरच्या, म्हणजे जर्मन नाण्यांच्या कॅटलॉगमधला क्रमांक चिठ्ठीवर लिहून सोबत जोडला. नाणं मऊ पीव्हीसीच्या पाकिटात घालायचं नाही, त्याने कालांतराने हिरवट चिकटा धरतो. मायलरचं, म्हणजे पॉलिएस्टरचं, पाकीट वापरा.

धाकधूक एकाच गोष्टीची होती. जुनी सफाई सापडली तर आकडा मिळतच नाही, नुसता ‘सफाई केलेलं’ असा शेरा येतो. बऱ्याच आठवड्यांनी निकाल आला: 45, शेरा नाही. काठाची ठेच त्यांनी पोटात घातली असावी. ‘झेअर श्योन’च्या वरचं, ‘फोरत्स्युग्लिश’च्या अलीकडचं, लिलावघराची नजर चोख होती.

सध्या 1911 च्या तीन मार्कच्या मागे आहे. राजा विल्हेल्म आणि राणी शार्लोटच्या लग्नाच्या रौप्यमहोत्सवाचं नाणं, सहज मिळतं. पण काही थोड्या नाण्यांवर शार्लोटच्या नावातल्या ‘एच’ची आडवी रेघ जरा वर सरकलेली आहे आणि किंमतही तशीच वर सरकते. दुकानदाराकडे ते नाणं दिसलं, की आधी भिंग त्या एकाच अक्षरावर जातं.