सुईत न सापडलेला कॅन्सर

मानेतली गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका, आणि सुईच्या तपासणीत काही निघालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अगदी कळकळीने सांगतेय.

माझी गाठ गळ्याच्या हाडाच्या वर होती, हाताला रबरी लागायची. रात्री घामाने गाऊन भिजायचा, वजन उतरत होतं. तासगावात आधी टीबीचा संशय घेतला. आपल्याकडे तो घ्यावाच लागतो, लक्षणं तीच असतात. सुईने गाठीतलं पाणी काढून तपासलं. रिपोर्ट 'रिअ‍ॅक्टिव्ह', म्हणजे नुसत्या प्रतिकार पेशी. घरात सगळ्यांनी हुश्श केलं, पण घाम काही थांबेना.

मिरजेच्या सर्जननी अख्खी गाठच काढली. एक तुकडा सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीला, बाकीची गाठ फॉर्मेलिनमध्ये. दोन्ही डब्या दिरांनी स्वतः लॅबमध्ये नेऊन दिल्या. निदान झालं: क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर.

मग सुईत का दिसला नाही? पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. सगळीकडे बारीक जांभळ्या पेशी, मध्येमध्ये लालसर दाण्यांच्या इओसिनोफिल. "या सगळ्या तुमच्याच प्रतिकार पेशी," मॅडम म्हणाल्या. स्लाइड बरीच सरकवल्यावर एक मोठी पेशी दिसली, दोन केंद्रकं, घुबडाच्या डोळ्यांसारखी. ही रीड-स्टर्नबर्ग पेशी, खरा कॅन्सर हा. गाठीत अशा पेशी बहुतेकदा शंभरात एखाद-दुसरीच. सुईत ती आली नाही, तर रिपोर्ट चांगलाच येणार.

"मग एवढ्या पेशी तिला मारत का नाहीत?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ही कॅन्सर पेशी रसायनं सोडून त्यांना स्वतःच बोलावून घेते, त्यांच्याच आधाराने वाढते, आणि आपल्या पृष्ठभागावरच्या पीडी-एल१ प्रथिनाने टी पेशींना, म्हणजे मारणाऱ्या प्रतिकार पेशींना, ब्रेक लावते. या ब्रेकमधला टी पेशींवरचा भाग, पीडी-१, शोधणारे जपानी शास्त्रज्ञ होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. तो ब्रेक काढणारी औषधं आता आहेत, आजार उलटला तर वापरता येतात. हे ऐकून मला फार धीर आला.

माझं एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोवर भागलं. दर पंधरा दिवसांनी सलाइन. लाल डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लाल होते, हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. डाकार्बाझिनची बाटली उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेली असायची. दोन सायकलनंतर पेट स्कॅन स्वच्छ आला, तेव्हा फुप्फुसांना त्रास देऊ शकणारं ब्लिओमायसिन पुढे वगळलं. बाकीची तिन्ही औषधं ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली.

आता तपासणीला गेले की डॉक्टर मान, काख, जांघ चाचपून बघतात. घरी मीही बघते, आणि जावेलाही शिकवलंय.